लॅम्डा फंक्शनचे ट्रिगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडब्ल्यूएस लॅम्डा, म्हणजे सर्व्हर न सांभाळता छोटा कोड (फंक्शन) चालवायची ॲमेझॉनची क्लाउड सेवा, वापरायला लागलेली मंडळी कोडपेक्षा ट्रिगरपाशी, म्हणजे फंक्शन आपोआप सुरू करणाऱ्या जोडणीपाशी, जास्त अडकतात. फंक्शन लिहून होतं, हाताने चालवलं की चालतं, आणि मग सुरू होतं: फोटो टाकला तरी काहीच का झालं नाही, एकाच पावतीच्या दोन नोंदी कशा झाल्या, रात्री बाराचं काम पहाटे साडेपाचला का झालं.

सगळीकडे शक्यतो एकच उदाहरण घेतलं आहे. ग्राहक मोबाइलवरून पावतीचा फोटो टाकतो, तो एस-थ्री बकेटमध्ये (ॲमेझॉनच्या फाइल साठवणीच्या कप्प्यात) येतो, फंक्शन त्याची लहान प्रत बनवतं आणि डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या टेबलमध्ये नोंद करतं. गूगल किंवा मायक्रोसॉफ्टचं ॲझ्युअर हे क्लाउड वापरणाऱ्यांसाठी पुढे एक वेगळा प्रश्न आहे.

फंक्शन तयार आहे. ते आपोआप चालावं म्हणून नेमकं काय काय जोडायचं?

तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: इव्हेंट, म्हणजे काही घडल्याची खबर, कुठून येणार, त्यातले कोणते हवेत, आणि फंक्शन चालवायची परवानगी कोणाला.

आपल्या उदाहरणात इव्हेंट बकेटकडून येतो. लॅम्डा बकेटवर डोळा ठेवून बसत नाही. "नवीन ऑब्जेक्ट (फाइल) आला की अमुक फंक्शनला कळव" ही सूचना बकेटच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये लिहिलेली असते. तिथेच नावाची सुरुवात आणि शेवट यांवर गाळणी लावता येते, उदाहरणार्थ फक्त "मूळ" या फोल्डरमधल्या आणि जेपीजी एक्स्टेन्शनच्या फाइल.

फंक्शनच्या हाती जो इव्हेंट पडतो तो एक छोटा जेसन, म्हणजे ठरावीक साच्यातला मजकूर, असतो. त्यात बकेटचं नाव, फाइलचं नाव, आकार, वेळ एवढंच असतं, फोटो नसतो. तो फंक्शनने स्वतः जाऊन आणायचा. त्यामुळे फंक्शनच्या रोलला (फंक्शन ज्या ओळखीवर काम करतं तिला) बकेट वाचायची परवानगी लागते, आणि ही परवानगी ट्रिगरच्या परवानगीपेक्षा वेगळी आहे. नवखी मंडळी इथे दोन्हींचा घोळ घालतात.

मग परवानगी फंक्शनला द्यायची की बकेटला?

ट्रिगर कोणत्या जातीचा आहे त्यावर. दूधवाला दारात येऊन बेल वाजवतो, किंवा आपण पिशवी घेऊन केंद्रावर जातो. तसेच हेही दोन प्रकार.

एस-थ्री, एसएनएस (सूचना पाठवणारी सेवा), इव्हेंटब्रिज (इव्हेंट इकडून तिकडे पोहोचवणारी सेवा) हे बेल वाजवणारे. ते फंक्शनला हाक मारतात, म्हणून फंक्शनच्या रिसोर्स पॉलिसीत "या सेवेला मला चालवू द्या" असं लिहावं लागतं. एसक्यूएस (मेसेजची रांग), किनेसिस (सतत येणाऱ्या डेटाचा प्रवाह) आणि डायनॅमोडीबी स्ट्रीम (टेबलमधल्या बदलांचा प्रवाह) यांच्या बाबतीत लॅम्डाची यंत्रणाच तिकडे जाऊन नवीन काही आलंय का ते बघत राहते. ती फंक्शनच्या रोलवर जाते, म्हणून वाचायची परवानगी रोलमध्ये हवी. या दुसऱ्या जोडणीला इव्हेंट सोर्स मॅपिंग म्हणतात.

बकेटला परवानगी देताना बकेटच्या एआरएनसोबत (एडब्ल्यूएसमधल्या पूर्ण नावासोबत) स्वतःचा अकाउंट नंबरही अटीत घाला. एस-थ्रीच्या एआरएनमध्ये अकाउंट नंबर नसतो. तुम्ही बकेट डिलीट केली आणि त्याच नावाची बकेट उद्या दुसऱ्याच कुणी काढली, तर जुनी परवानगी तिला लागू पडू शकते.

कन्सोलमध्ये (एडब्ल्यूएसच्या वेबपानावर) चार क्लिकमध्ये ट्रिगर जोडता येतो. मग टेराफॉर्म वगैरे (कोड लिहून हे सगळं उभं करणारी साधनं) कशाला?

शिकताना कन्सोलमध्येच जोडा, काय काय तयार होतं ते डोळ्यांनी दिसतं. प्रॉडक्शनमध्ये मात्र हाताने जोडलेला ट्रिगर म्हणजे लांबणीवर टाकलेली भानगड. कन्सोल रिसोर्स पॉलिसीतली परवानगी गुपचूप स्वतःच जोडून देतो, त्यामुळे ती लागते हे कुणाच्या लक्षातच येत नाही. पुढे तेच सगळं दुसऱ्या अकाउंटमध्ये कोडने उभं केलं की "इथे का चालत नाही" म्हणून शोधाशोध सुरू.

त्याहून वाईट प्रकार बकेट नोटिफिकेशनचा. एस-थ्रीमध्ये नोटिफिकेशनची सेटिंग एकेक करून वाढवता येत नाही. प्रत्येक वेळी पूर्ण यादी लिहिली जाते आणि आधीची यादी पुसली जाते. फोटोचा ट्रिगर एका टीमने हाताने लावला, आणि दुसऱ्या टीमने त्याच बकेटवर पीडीएफचा ट्रिगर आपल्या टेराफॉर्ममधून लावला, की फोटोचा ट्रिगर गेला. एरर नाही, अलार्म नाही. लहान प्रती बनणं बंद होतं आणि ते कळतं ग्राहकाच्या फोनवरून. म्हणून नियम असा ठेवा की एका बकेटच्या नोटिफिकेशनचा मालक एकच, आणि तो कोडमध्ये. टेराफॉर्ममध्येही एका बकेटसाठी नोटिफिकेशनचा रिसोर्स एकदाच लिहायचा असतो. दोनदा लिहिलात तर दोघं एकमेकांचं पुसत बसतात.

क्लाउडफॉर्मेशन (एडब्ल्यूएसचं टेराफॉर्मसारखं साधन) वापरणाऱ्यांना आणखी एक गाठ भेटते: सर्क्युलर डिपेन्डन्सीची. बकेटला फंक्शन हवं, फंक्शनच्या रोलला बकेटचा एआरएन हवा, परवानगीला दोन्ही हवेत. शिवाय नोटिफिकेशन लावताना एस-थ्री परवानगी आहे की नाही ते तिथल्या तिथे तपासतं, म्हणून क्रमही चुकवून चालत नाही. सोपा तोडगा म्हणजे बकेटचं नाव आधी ठरवून टाकायचं आणि रोलमध्ये व परवानगीत एआरएन रेफरन्सने न घेता त्या नावावरून जोडून लिहायचा.

फोटो बकेटमध्ये दिसतोय, पण फंक्शन चाललंच नाही. कुठून सुरुवात करू?

आधी खरंच चाललं नाही का ते बघा. लॉग नाही म्हणजे फंक्शन चाललं नाही, असं नसतं. रोलला क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसच्या देखरेखीच्या सेवेत) लॉग लिहायची परवानगी नसेल तर फंक्शन चालून, कोसळूनही लॉग कोराच राहतो. म्हणून लॉगच्या आधी इन्व्होकेशनचा मेट्रिक (फंक्शन किती वेळा चाललं तो आकडा) बघायची सवय लावा.

तिथेही शून्य असेल तर गाळणी तपासा. एक्स्टेन्शन लहान लिपीत की कॅपिटलमध्ये हे एस-थ्री काटेकोरपणे पाहतं. बरेचसे कॅमेरे जेपीजी कॅपिटलमध्ये लिहितात आणि आपण गाळणी लहान अक्षरांत लावलेली असते. फोल्डरच्या नावाआधी चुकून तिरकी रेघ लागली असेल तरी काही जुळत नाही, कारण एस-थ्रीतली नावं सहसा रेघेने सुरू होत नाहीत.

"लहान फोटो चालतात, मोठे चालत नाहीत" अशी तक्रार असेल तर इव्हेंटचा प्रकार बघा. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे मल्टिपार्टने अपलोड होते. एडब्ल्यूएसचं कमांड लाइन टूल ८ एमबीच्या पुढे आपणहून तसं करतं. अशा अपलोडचा इव्हेंट "पुट" नसतो, "मल्टिपार्ट अपलोड पूर्ण" हा वेगळा असतो. ट्रिगर फक्त "पुट"वर लावला असेल तर मोठी फाइल आली तरी फंक्शनला पत्ता लागत नाही. "ऑब्जेक्ट तयार झाला" यातले सगळे प्रकार निवडा म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

फाइलचं नाव मराठीत असलं की "ॲक्सेस डिनाइड" येतो. इंग्रजी नावाला येत नाही. असं का?

नाव इव्हेंटमध्ये जसंच्या तसं येत नाही, यूआरएल एन्कोड होऊन येतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, आणि एन्कोड केल्यावर प्रत्येक बाइटची ३ अक्षरं. "पावती" या शब्दात मात्रा धरून ५ चिन्हं आहेत, त्यांची इव्हेंटमध्ये टक्क्याच्या चिन्हांनी भरलेली ४५ अक्षरांची माळ होते. रिकाम्या जागेचं अधिकचं चिन्ह होतं. तीच माळ घेऊन कोड फाइल मागायला गेला की त्या नावाची फाइल नसते.

मग "फाइल सापडली नाही" असं का येत नाही? कारण रोलला बकेटची यादी बघायची परवानगी नसेल, तर नसलेल्या फाइलसाठीही एस-थ्री ४०४ (सापडली नाही) च्या जागी ४०३ (परवानगी नाही) देतं. फाइल आहे की नाही हेही अनोळख्याला कळू नये, असा त्यामागचा विचार. तो बरोबर आहे, पण त्यापायी माणसं परवानग्या उलट्यापालट्या करून थकतात, आणि गोम निघते डीकोडिंगमध्ये. पायथनमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. मात्र टक्क्याची चिन्हं आणि अधिकचं चिन्ह दोन्ही उलगडणारं घ्या, नुसतं टक्क्याचं उलगडणारं नको.

मराठीचा आणखी एक खास त्रास आहे. "दुसऱ्या हप्त्याची पावती" यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुठल्या कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, कुठल्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, एस-थ्रीला मात्र त्या दोन वेगळ्या फाइल. युनिकोड नॉर्मलायझेशनने हे दोन प्रकार एक होत नाहीत. शिवाय नावाची मर्यादा १०२४ बाइट, म्हणजे देवनागरीत फोल्डर धरून फार तर ३४१ चिन्हं.

माझं मत विचाराल तर ग्राहकाने दिलेलं नाव बकेटपर्यंत जाऊच देऊ नका. ॲपने एक यूयूआयडी (कुठेही पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) बनवून त्या नावाने फाइल ठेवावी आणि मूळ मराठी नाव टेबलच्या एका रकान्यात. ग्राहकाला दाखवताना तेच दाखवा.

एकाच फोटोसाठी फंक्शन दोनदा चाललं. हा एडब्ल्यूएसचा बग आहे का?

नाही, हे कबूल केलेलं वागणं आहे. एस-थ्री, एसक्यूएसची साधी रांग, इव्हेंटब्रिज हे सगळे "किमान एकदा" पोहोचवायची हमी देतात. नेमकं एकदाच, अशी हमी देत नाहीत. बहुतेक वेळा इव्हेंट एकदाच येतो, आणि त्यामुळेच टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही. क्रमाचीही खात्री नाही: एकाच नावाने लागोपाठ दोन फोटो टाकले तर दुसऱ्याचा इव्हेंट आधी येऊ शकतो. एस-थ्रीच्या इव्हेंटमध्ये सिक्वेन्सर नावाची एक किंमत असते, तिच्यावरून एकाच फाइलच्या दोन इव्हेंटमधला आधीचा कोणता ते ठरवता येतं.

लहान प्रत दोनदा बनली तर फारसं बिघडत नाही, तीच फाइल पुन्हा लिहिली जाते. एसएमएस दोनदा गेला किंवा रक्कम दोनदा जमा झाली तर बिघडतं. उपाय असा: काम सुरू करताना डायनॅमोडीबीत त्या इव्हेंटच्या ओळखीची नोंद टाका, "ही नोंद आधीपासून नसेल तरच लिही" या अटीसह. अट फसली म्हणजे हे काम कुणीतरी घेतलंय, गुपचूप बाहेर पडा. ओळख म्हणून बकेट, फाइलचं नाव आणि व्हर्जन किंवा सिक्वेन्सर एकत्र घ्या. लॅम्डाचा रिक्वेस्ट आयडी घेऊ नका. तो इव्हेंटची ओळख नाही, फंक्शनच्या त्या फेरीची आहे.

यात एक बारीक खोच आहे. नोंद आधी टाकली आणि काम अर्ध्यावर असताना फंक्शन मेलं, तर रिट्रायला वाटतं काम झालंय. म्हणून नोंदीला दोन अवस्था लागतात, "सुरू" आणि "पूर्ण". "सुरू"ला मुदत हवी, आणि ती फंक्शनच्या टाइमआउटपेक्षा थोडी जास्त. मुदत टळलेली "सुरू" नोंद दिसली तर काम पुन्हा घ्यायचं. मुदत संपली की डायनॅमोडीबी टीटीएलने (मुदत संपलेल्या नोंदी आपोआप पुसायच्या सोयीने) नोंद लगेच पुसेल या भरवशावर राहू नका. पुसायला काही दिवसही लागू शकतात, तेव्हा मुदत अटीतच तपासा. पायथन, टाइपस्क्रिप्ट, जावा वापरत असाल तर पॉवरटूल्स या लायब्ररीत हे सगळं आयतं आहे. स्वतः लिहून दाखवण्यात काही शौर्य नाही.

लहान प्रत त्याच बकेटमध्ये ठेवली तर चालेल ना?

चालेल, आणि चालतच राहील. प्रत लिहिली की नवा इव्हेंट, त्यावर पुन्हा फंक्शन, त्याची पुन्हा प्रत. सुट्टीच्या आदल्या दिवशी असं डिप्लॉय झालं तर बिल बघवत नाही. दोन बकेट ठेवा, एक मूळ फोटोंची आणि एक प्रतींची. "वेगळा फोल्डर ठेवू आणि गाळणी लावू" हे कागदावर ठीक आहे, पण गाळणी बदलणारा माणूस सहा महिन्यांनी दुसराच असतो.

लॅम्डाने २०२३ मध्ये अशी फेरी ओळखून थांबवायची सोय आणली, आधी एसक्यूएस आणि एसएनएससाठी, पुढे एस-थ्रीसाठीही. साधारण १६ फेऱ्यांनंतर ती इव्हेंट अडवते. पण त्यासाठी एसडीकेची (कोडमधून एडब्ल्यूएस वापरायच्या लायब्ररीची) नवी आवृत्ती लागते आणि मधे एखादी तिसरीच सेवा आली की माग सुटतो. तिला शेवटचा आधार समजा.

फेरी सुरू झालीच तर सगळ्यात जलद ब्रेक म्हणजे त्या फंक्शनची रिझर्व्ह्ड कॉन्करन्सी (एका वेळी ते किती समांतर चालू शकतं ती मर्यादा) शून्य करणं. कोड नंतर बघा.

फंक्शन फेल झालं तर तो इव्हेंट कुठे जातो?

तो कसा आला होता त्यावर.

एपीआय गेटवे (वेबवरून आलेली मागणी फंक्शनला देणारी सेवा) यासारख्या थेट हाकेत एरर मागणाऱ्याकडे परत जातो, पुन्हा प्रयत्न करायचा की नाही ते त्याने ठरवायचं.

एस-थ्री, एसएनएस, इव्हेंटब्रिज यांची हाक लॅम्डा आपल्या आतल्या रांगेत ठेवून घेतो. फंक्शन फेल झालं तर मिनिटभराने पुन्हा, मग आणखी दोन मिनिटांनी शेवटचा, असे मूळ धरून तीन प्रयत्न. तेही फसले की इव्हेंट टाकून दिला जातो. नीट वाचा: टाकून दिला जातो, कुठेही साठत नाही. डेड लेटर रांग (फसलेले मेसेज साठवायची रांग) किंवा "फेल झाल्यास इकडे पाठव" असं डेस्टिनेशन तुम्ही लावलं असेल तरच तो वाचतो. दोन्हींतून निवडायचं तर डेस्टिनेशन घ्या, त्यात मूळ इव्हेंटबरोबर एररचा तपशीलही येतो.

एसक्यूएसमध्ये फसलेला मेसेज ठरावीक वेळाने रांगेत पुन्हा दिसू लागतो. किनेसिस आणि डायनॅमोडीबी स्ट्रीमची गोष्ट निराळी, तिथे क्रम सांभाळायचा असल्याने फसलेल्या रेकॉर्डच्या मागचे सगळे त्याच शार्डमध्ये (प्रवाहाच्या त्याच भागात) तिष्ठत राहतात. मूळ सेटिंगमध्ये रिट्रायला मर्यादाच नाही, रेकॉर्ड शिळा होईपर्यंत लॅम्डा तोच तो प्रयत्न करत राहतो. डायनॅमोडीबी स्ट्रीममध्ये रेकॉर्ड २४ तास टिकतो, म्हणजे एका खराब रेकॉर्डपायी दिवसभराचं काम अडू शकतं. स्ट्रीमचा ट्रिगर लावताना रिट्रायची मर्यादा, एररवर बॅच (एकदम उचललेला गठ्ठा) दुभागण्याची सेटिंग आणि फेल झालेल्यांसाठी डेस्टिनेशन, या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी लावा.

बकेट आणि फंक्शन यांच्यामध्ये एसक्यूएसची रांग घालायची खरंच गरज आहे का?

ट्रायलपुरतं नाही. खऱ्या कामासाठी मी दरवेळी घालतो, आणि खर्चाचं कारण कुणी पुढे केलं तर ऐकत नाही.

महिनाअखेरीस ५,००० फोटो एकदम आले असं समजा. थेट ट्रिगर असेल तर लॅम्डा जमेल तितकी फंक्शन एका वेळी सोडतो. अकाउंटची मर्यादा एका रीजनमध्ये (मुंबईसारख्या एका भौगोलिक विभागात) सहसा १,०००, नव्या अकाउंटला त्याहून कमी. ही मर्यादा सगळ्या फंक्शनची मिळून आहे, म्हणजे फोटोंच्या लाटेत तुमचं लॉगिनचं फंक्शनही गुदमरतं. मागे साधा पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर तो हजार कनेक्शन बघूनच मान टाकतो. मध्ये रांग असली की "एका वेळी फार तर २०" अशी वेसण इव्हेंट सोर्स मॅपिंगवरच घालता येते. बाकीचे मेसेज थांबतात, हरवत नाहीत.

रांग लावताना आकडे नीट जुळवा. रांगेचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला मेसेज इतरांपासून लपून राहतो तेवढा वेळ) फंक्शनच्या टाइमआउटच्या किमान सहापट ठेवावा, असं एडब्ल्यूएसच सांगतं. फंक्शन ३० सेकंदांचं असेल तर १८० सेकंद. याहून कमी ठेवलात तर पहिलं फंक्शन काम करत असतानाच तोच मेसेज दुसऱ्याच्या हाती पडू शकतो. किती प्रयत्नांनंतर मेसेज डेड लेटर रांगेत जावा, तो आकडा ५ किंवा त्याहून जास्त ठेवा. एक-दोन ठेवलात तर फंक्शनला जागा न मिळाल्याने परत गेलेले चांगले मेसेजही तिकडे जाऊन पडतात.

बॅचचं बघा. लॅम्डा एका वेळी १० मेसेज उचलतो, आणि त्यातला एक फसून फंक्शनने एरर टाकला की दहाही परत जातात. मग आधीच झालेले नऊ पुन्हा होतात. "बॅचमधले फक्त हे फसले" असं सांगायची सोय आहे, ती मॅपिंगवर चालू करा आणि फंक्शनमधून फसलेल्या मेसेजचे आयडी परत करा. दोन्ही करावं लागतं. नुसतं चालू करून यादी परत केली नाही तर सगळी बॅच यशस्वी धरली जाते.

डेड लेटर रांगेची मुदत १४ दिवस, म्हणजे कमाल ठेवा. साध्या रांगेत मेसेज तिकडे हलला तरी त्याचं वय मूळ रांगेत आला तेव्हापासूनच मोजलं जातं. दोन्हीकडे मूळचे ४ दिवस ठेवले तर तीन दिवस रखडलेला मेसेज तिकडे जेमतेम एक दिवस टिकेल. आणि त्या रांगेवर अलार्म लावा, नाहीतर ती नुसती अडगळ.

रांग जोडल्या जोडल्या एस-थ्री तिच्यात एक चाचणी मेसेज टाकतं, त्यात नेहमीची रेकॉर्डची यादी नसते. कोडने ती असणारच असं धरलं असेल तर पहिलाच मेसेज फंक्शनला पाडतो. घाबरू नका, तो ओळखून सोडून द्या.

रोज सकाळी ९ ला रिपोर्ट पाठवायचा आहे. तो दुपारी अडीचला का जातो?

इव्हेंटब्रिजच्या जुन्या पद्धतीच्या शेड्यूल रूलमध्ये वेळ यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेतच) असते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणून ९ चे अडीच. रूलच वापरायचा असेल तर क्रॉनमध्ये (वेळापत्रक लिहायच्या साच्यात) मिनिटाच्या जागी ३० आणि तासाच्या जागी ३ लिहा. तारीख आणि वार या दोन जागांपैकी एकीत प्रश्नचिन्ह लागतंच, दोन्हीकडे तारा दिला तर एक्स्प्रेशन नाकारलं जातं.

तास-मिनिटांचं गणित सोपं आहे, फसवतो तो महिना. "दर महिन्याच्या १ तारखेला मध्यरात्री" म्हणजे यूटीसीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेसहा. तो दिवस कधी २८, कधी ३१. रूलमध्ये महिन्याच्या शेवटच्या दिवसासाठी खास अक्षर आहे म्हणून भागतं, पण वाचणाऱ्याला कोडं पडतं. त्यापेक्षा नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेला इव्हेंटब्रिज शेड्यूलर घ्या. त्यात आशिया-कोलकाता टाइमझोन निवडून सरळ ९ वाजता असं लिहिता येतं. एकदाच वाजणारी वेळही लावता येते, उदाहरणार्थ "हप्त्याची आठवण अमुक तारखेला". दरमहा १ कोटी ४० लाख कॉलपर्यंत तो फुकट आहे.

शेड्यूलरच्या डेड लेटर रांगेबद्दल एक गैरसमज दूर करतो. शेड्यूलर फंक्शनला हाक देऊन मोकळा होतो. पुढे फंक्शन आत कोसळलं तरी त्याच्या दृष्टीने काम झालेलं असतं, आणि त्याची डेड लेटर रांग रिकामीच राहते. फंक्शनचं अपयश पकडायला फंक्शनवर वेगळं डेस्टिनेशन लागतं.

आधीची फेरी संपली नाही तरी पुढची वेळ झाली की दुसरी फेरी सुरू होते. दर ५ मिनिटांच्या कामाला ७ मिनिटं लागू लागली की दोघं एकमेकांच्या पायात येतात.

बकेट नोटिफिकेशन थेट लावू की इव्हेंटब्रिजमधून आणू?

एक बकेट, एक काम, तर थेट. एकाच फोटोवर लहान प्रत, ओसीआर (फोटोतला मजकूर वाचणं) आणि ऑडिट अशी तीन कामं व्हायची असतील तर इव्हेंटब्रिज. थेट नोटिफिकेशनमध्ये एकाच प्रकारच्या इव्हेंटसाठी एकमेकांवर येणाऱ्या गाळण्या दोन ठिकाणी लावता येत नाहीत. इव्हेंटब्रिजमध्ये हवे तितके रूल लावा, फाइलच्या आकारावरही गाळता येतं. एस-थ्रीचे इव्हेंट त्यात सरळ आणायची सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे, बकेटवर एक खूण चालू केली की झालं.

कोल्ड स्टार्टची (थंड पडलेलं फंक्शन सुरू व्हायला लागणाऱ्या वेळेची) काळजी किती करायची?

पडद्यामागे चालणाऱ्या कामात अजिबात नाही. फोटोची प्रत सेकंदभर उशिरा बनली तर कुणाला कळत नाही. ग्राहक समोर वाट बघतोय अशा एपीआयसाठी करा, आणि जावा असेल तर आधी स्नॅपस्टार्ट (आधीच तयार ठेवलेल्या स्थितीतून फंक्शन सुरू करायची सोय) बघा.

याचा खर्च किती येतो?

महिन्याला १० लाख कॉल आणि ४ लाख जीबी-सेकंद (जीबीतली मेमरी गुणिले सेकंद) कायमचे फुकट. १ लाख फोटो, ५१२ एमबी मेमरी आणि प्रत्येकी २ सेकंद धरले तर १ लाख जीबी-सेकंद होतात, म्हणजे फुकट हद्दीच्या पाव भागात. त्यापुढे १० लाख कॉलना २० सेंट आणि जीबी-सेकंदाचा वेगळा दर. ऑगस्ट २०२५ पासून सुरुवातीच्या इनिट टप्प्याचा वेळही सगळीकडे बिलात धरला जातो, त्यामुळे कोडच्या सुरुवातीलाच दहा नको असलेल्या लायब्ररी लोड करणं आता पैशातही दिसतं.

बिल फुगतं ते बहुधा लॅम्डामुळे नाही. क्लाउडवॉच लॉगची मुदत मूळ सेटिंगमध्ये "कधीच पुसू नका" अशी असते, ती बदला. आणि फंक्शन उगाच व्हीपीसीत (खासगी नेटवर्कमध्ये) टाकून नॅट गेटवे (तिथून इंटरनेटवर जायची वाट) उभा केला असेल तर त्याचं भाडं फंक्शन झोपलेलं असतानाही चालूच.

काम १५ मिनिटांत संपत नाही.

१५ मिनिटं ही कमाल आहे, ती वाढवून मिळत नाही. तुकडे करून रांगेत टाका किंवा स्टेप फंक्शन्सने (पायऱ्या एकामागे एक चालवणाऱ्या सेवेने) जोडा. एकच सलग जड काम असेल तर ट्रिगर तसाच ठेवून ते फारगेटवर (एडब्ल्यूएसच्या कंटेनर चालवायच्या सेवेवर) कंटेनरमध्ये चालवा.

डेटा भारतातच ठेवायचा आहे. बकेट मुंबईत आणि फंक्शन हैदराबादला चालेल का?

थेट नोटिफिकेशनसाठी नाही. बकेट आणि फंक्शन एकाच रीजनमध्ये लागतात. मुंबई रीजन २०१६ पासून आहे, हैदराबाद २०२२ पासून. दोन्ही मुंबईत ठेवा, काही अडत नाही.

आम्ही गूगलवर किंवा ॲझ्युअरवर आहोत. यातलं किती लागू पडतं?

दोनदा येणं, क्रम चुकणं, फसलेल्यांसाठी जागा ठेवणं हे सगळीकडे सारखंच. नावं बदलतात. गूगलच्या क्लाउड फंक्शन्सना २०२४ पासून क्लाउड रन फंक्शन्स म्हणतात आणि त्यांचे ट्रिगर इव्हेंटआर्क सांभाळतो. इव्हेंटचा साचा क्लाउडइव्हेंट्स या खुल्या मानकाप्रमाणे असतो, ज्याची १.० आवृत्ती २०१९ मध्ये आली.

ॲझ्युअरच्या टायमरमध्ये क्रॉनची पहिली जागा सेकंदाची असते. लिनक्सवरचा क्रॉन तिथे नेताना ही जादा जागा लक्षात ठेवा. ब्लॉब (फाइल) ट्रिगरची जुनी पद्धत कंटेनर चाळत बसते, कन्झम्प्शन प्लॅनवर ॲप झोपलेलं असेल तर १० मिनिटांपर्यंत उशीर होऊ शकतो. इव्हेंट ग्रिडवरचा ब्लॉब ट्रिगर घ्या.

डिप्लॉयमेंटच्या वेळी ट्रिगर थोडा वेळ थांबवता येतो का?

रांग असेल तर हो. इव्हेंट सोर्स मॅपिंग बंद करा, मेसेज रांगेत थांबतील, परत चालू केलं की निचरा होईल. थेट एस-थ्री नोटिफिकेशनला थांबा नाही. ते काढून टाकलं तर मधल्या वेळात आलेल्या फोटोंचे इव्हेंट कायमचे गेले. इव्हेंटब्रिजचा रूल बंद केला तरी तेच, फक्त तिथे आधीपासून अर्काइव्ह चालू ठेवला असेल तर तेवढ्या वेळाचे इव्हेंट पुन्हा खेळवता येतात.

बकेटमध्ये आधीपासून दोन लाख फोटो आहेत. ट्रिगर लावला की त्यांच्या प्रती बनतील का?

नाही. ट्रिगर लावल्यानंतर येणाऱ्यांवरच फंक्शन चालतं. जुन्यांसाठी एस-थ्री बॅच ऑपरेशन्सने फंक्शन चालवता येतं, पण त्याचा इव्हेंट वेगळ्या साच्याचा असतो आणि उत्तरही ठरावीक साच्यात परत द्यावं लागतं, म्हणजे कोडमध्ये दुसरी वाट काढणं आलं. रांग आधीच लावलेली असेल तर छोटी स्क्रिप्ट पुरते: बकेटची यादी काढायची आणि प्रत्येक फाइलसाठी एस-थ्रीच्या इव्हेंटसारखाच दिसणारा मेसेज रांगेत टाकायचा. त्यात फाइलचं नाव एन्कोड करायला विसरू नका, फंक्शन डीकोड करणार आहे. सिक्वेन्सरच्या जागी जुन्यांसाठी फाइलचा ईटॅग (तिच्या आतल्या डेटाची खूण) घाला, म्हणजे स्क्रिप्ट मधेच तुटून पुन्हा चालवली तरी झालेली कामं दुबार होत नाहीत. एका वेळी २० ची वेसण तशीच ठेवून ही स्क्रिप्ट रात्री सोडा, आणि सकाळी आधी डेड लेटर रांग उघडा. त्या दोन लाखांत शून्य बाइटच्या आणि खराब झालेल्या काही फाइल निघतातच.